केनिया: दोन जंगलं, एक किनारा आणि मधली रेल्वे

केनियाला जायचं ठरलं की आपल्याकडे आधी मे महिन्याचं नाव निघतं, कारण मुलांना सुट्टी. नेमका तोच महिना टाळायचा. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत तिकडे मोठा पावसाळा असतो. एप्रिलमध्ये मसाई मारा या राखीव जंगलातल्या कच्च्या वाटांचा इतका चिखल होतो की काही कॅम्प बंदच ठेवतात. गवत उंच वाढलेलं आणि पाणी जागोजागी साचलेलं, त्यामुळे जनावरं पाणवठ्याकडे फिरकत नाहीत आणि फिरकली तरी गवतात दिसत नाहीत. मेचं स्वस्त पॅकेज कोणी पुढे केलं, तर ते स्वस्त का आहे याचं उत्तर हेच.

दुसरा, छोटा पाऊस नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत. तो बहुतेकदा दुपारनंतर सर येऊन जाणारा, त्यामुळे प्राणी बघायची सकाळची फेरी सहसा वाया जात नाही. कोरडे काळ दोन: जून अखेर ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी.

हे झालं जंगलाचं. किनाऱ्याचं गणित वेगळं, आणि बहुतेक बेत बिघडतात ते इथे. केनियाच्या किनाऱ्यावर वर्ष दोन वाऱ्यांत वाटलेलं आहे. एप्रिलपासून साधारण ऑक्टोबरपर्यंत आग्नेयेकडून कुसी वाहतो. विषुववृत्त ओलांडून वळलेला हाच वारा आपल्याकडे नैऋत्य मोसमी म्हणून पाऊस घेऊन येतो. कुसीच्या दिवसांत समुद्र खवळलेला, पाणी थोडं गढूळ आणि मोंबासाच्या दक्षिणेला डियानीच्या पांढऱ्या वाळूवर समुद्री गवताचे ढीग. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचा कास्काझी, ज्याच्या जोरावर अरबस्तान आणि कच्छची गलबतं शतकानुशतकं मोंबासाला उतरली. तेव्हा पाणी निवळ असतं आणि पाण्याखालचं लांबवर दिसतं. थोडक्यात, विल्डबीस्ट या बैलासारख्या दिसणाऱ्या हरणांचे कळप मारात येतात तो जुलै ते ऑक्टोबरचा स्थलांतराचा काळ आणि समुद्राचा उत्तम काळ एकमेकांवर बसत नाहीत. दोन्हीचं पहिल्या प्रतीचं एकाच सहलीत मिळेल असं सांगणारा एजंट माल खपवतोय.

मग निवड कशी करायची? स्थलांतरच बघायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, आणि किनाऱ्यावर दोनच रात्री. समुद्र, पोहणं, प्रवाळ यांत रस जास्त असेल तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारी. त्या वेळी मारामधले मुक्कामी सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ कुठेही गेलेले नसतात, गर्दी मात्र ओसरलेली असते. शाळेच्या सुट्टीत बांधलेल्यांना दिवाळी बरी. ऑक्टोबरच्या शेवटी आलात तर मागे रेंगाळलेले कळप बहुधा मिळतात, आणि समुद्रही निवळू लागलेला असतो. नाताळात हवा छान, पण दर शिखरावर.

उद्यानं किती करायची, यावर आपली माणसं फार हावरी. आठ दिवसांत मारा, नाकुरू, नैवाशा, अंबोसेली, साम्बुरू आणि वर मोंबासा असे कार्यक्रम सर्रास विकले जातात. कागदावर ते भरगच्च दिसतात, प्रत्यक्षात रोज पाच-सहा तास रस्त्यावर जातात. शिवाय ते तास नेमके सकाळचे असतात, म्हणजे प्राणी हालचाल करतात तेव्हाचे. दहा दिवस हाताशी असतील तर दोन जंगलं आणि एक किनारा, एवढंच. माझ्या मते उत्तम जोडी मसाई मारा आणि त्सावो ईस्ट, कारण त्सावो नैरोबी-मोंबासा वाटेवरच आहे. किलिमांजारो पाठीशी घेऊन चालणारे हत्ती बघायचेच असतील तर त्सावोऐवजी अंबोसेली घ्या. तो डोंगर टांझानियात आहे, पण दिसतो इकडून छान. मात्र ढग चढायच्या आत, पहाटे किंवा अगदी संध्याकाळी. साडेनऊला उठून बाहेर येणाऱ्यांना नुसता पांढरा पडदा मिळतो.

आता मारा. नैरोबीहून माई माहियूचा घाट उतरून नारोकमार्गे सेकेनानी गेटपर्यंत पाच ते सहा तास. रस्ता आता जवळपास गेटपर्यंत डांबरी आहे. हाडं खिळखिळी होतात ती आतल्या वाटांवर. दुसरा मार्ग विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण-एक तासाचा. विल्सन वेगळा आणि आपलं विमान उतरतं तो जोमो केन्याटा वेगळा, हे लक्षात न घेता दोन तासांच्या फरकाने पुढचं तिकीट काढणारे नैरोबीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात. या छोट्या विमानांत सामान माणशी १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस पोटात बसत नाही म्हणून ती नैरोबीतच ठेवावी लागते.

माराच्या प्रवेशशुल्काची मेख समजून घ्या, इथे हजारो रुपये उगाच जातात. २०२४पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ९ ते १७ वयाच्या मुलांना ५०, त्याखालच्यांना माफ. दर बदलतात, तेव्हा बुकिंगआधी ताजे बघा. नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं असतील तर ऑगस्टमध्ये दिवसाचे ५०० डॉलर, तीन दिवसांचे १,५००. हेच फेब्रुवारीत ९००. तिकीट २४ तासांचं नसून सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं १२ तासांचं असतं. नैरोबीहून निघून दुपारी तीनला गेटवर पोचलात आणि आत शिरलात, तर तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे गेले. त्यापेक्षा पहिली रात्र गेटबाहेर सेकेनानी किंवा तालेकला काढा आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला आत जा. मुक्काम आतल्या कॅम्पमध्ये असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेट ओलांडावं लागतं, नाहीतर आणखी एक दिवस लागतो. ड्रायव्हर हे जाणतात, पण आरामात नाश्ता करणाऱ्या पाहुण्याला उठवायला संकोचतात.

गाडी कुठली, हा खर्चाचा दुसरा मोठा प्रश्न. छप्पर वर उचलणारी टूरिस्ट व्हॅन स्वस्त पडते, लँड क्रूझर महाग. कोरड्या दिवसांत व्हॅन चालून जाते. पण मारामध्ये मोठ्या पट्ट्यात काळी चिकण माती आहे, थेट आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या रेगूरसारखी. एक चांगली सर पडली की ती चाकाला थर धरून बसते, खाचा भरून जातात आणि टायर नुसता गोल गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. दोन चाकांवर चालणारी व्हॅन मग दुसऱ्या गाडीच्या दोराची वाट बघत उभी राहते, आणि सिंहाच्या मुलखात खाली उतरून ढकलायची सोय नसते. नोव्हेंबर ते जूनमध्ये कधीही जाणार असाल तर चारही चाकांवर चालणारीच गाडी घ्या. बुकिंग करताना लेखी विचारा: गाडी कुठली, फक्त आपलीच की अनोळखी माणसांबरोबर, प्रत्येकाला खिडकी आहे का, आणि इंधनाला किलोमीटरची मर्यादा आहे का. शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. मर्यादा असली की ड्रायव्हर मारा नदीपर्यंत जायला कां-कूं करतो.

ड्रायव्हर-गाइडवर गाडीपेक्षाही जास्त अवलंबून असतं. केनियात सफारी गाइडांच्या संघटनेच्या परीक्षा आहेत: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. सिल्व्हरवाला मिळाला तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. असा माणूस रेडिओवर ‘सिंह दिसला’ ऐकून पळत सुटत नाही. तो गिधाडं कुठल्या झाडावर बसलीत, इम्पाला हरणांच्या सगळ्या माना एकाच दिशेला का वळल्यात, हे वाचतो. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत आणि वाट सोडून गवतात गाडी घालायची नाही, हे राखीव क्षेत्राचे नियम आहेत. पाहुणेच ‘आणखी जवळ घ्या’ म्हणून बक्षिशीचं आमिष दाखवतात आणि दंड ड्रायव्हरला होतो. चित्त्याच्या बाबतीत तर हे जास्तच वाईट. तो दिवसा शिकार करतो, गाड्यांनी घेरला की धाव हुकते आणि पिल्लं उपाशी राहतात.

विल्डबीस्टच्या नदी ओलांडण्याबद्दल टीव्हीने आपला फार गैरसमज करून दिलाय. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि सोबत लाखो झेब्रे पावसामागे सेरेंगेटी-मारा असं वर्षभर फिरतात. त्यातले काही जुलैच्या सुमारास मारात येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत दक्षिणेला परततात. मारा नदी ते एकदाच नव्हे, गवत आणि पावसाच्या कलाने दोन्ही बाजूंनी अनेकदा ओलांडतात. वेळापत्रक कोणाकडेच नाही. काठावर कळप जमतो, मागून रेटा वाढत जातो, धुळीने हवा पिवळी होते. पुढचं जनावर कड्यावरून खाली मान घालून पाण्याचा वास घेतं, एक पाय टाकतं, आणि पलीकडे पान हललं की सगळा कळप उधळून अर्धा किलोमीटर मागे. तास-दोन तासांनी पुन्हा तेच. कधी एखादा झेब्रा आधी उतरतो आणि मग दहा मिनिटांत हजारो. कधी संध्याकाळ होते आणि काहीच होत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये मारात तीन रात्रींपेक्षा कमी राहण्यात अर्थ नाही, आणि नदीकाठचा दिवस डबा-पाणी बरोबर घेऊनच काढायचा. गाडी कड्यापासून मागे, इंजिन बंद. उतरण्याच्या जागेसमोर गाड्या आडव्या लागल्या की कळप माघारी फिरतो, मग तिथे थांबलेल्या सगळ्यांचाच दिवस फुकट.

गर्दी नकोच असेल तर राखीव क्षेत्राला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सी बघा: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. या जमिनी मसाई जमातीच्या कुटुंबांच्या. कॅम्पवाले त्यांना दरमहा भाडं देतात आणि खोल्यांची संख्या मर्यादित ठेवतात. तिथे रात्रीची फेरी आणि पायी भटकंती करता येते, जी राखीव क्षेत्रात करता येत नाही. महाग आहे, पण पैसे कुठे जातात ते दिसतं. कळप नदी ओलांडतात त्या मुख्य जागा मात्र राखीव क्षेत्रात, तिथलं शुल्क वेगळं. आणि नकाशावर मारा-सेरेंगेटी चिकटलेले दिसले तरी मधून पर्यटकांना सीमा ओलांडता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा पडतो.

मसाई मन्याटा म्हणजे वस्ती बघायला माणशी शुल्क मागतात. रक्कम आत जाण्यापूर्वी, गाडीत बसूनच ठरवा. उड्यांचा नाच, काड्या घासून विस्तव, शेणामातीच्या घरात डोकावणं, मग मण्यांच्या दागिन्यांचा बाजार असा क्रम ठरलेला असतो. त्यात नाटक आहे हे खरं, पण मण्यांचं काम बायकांच्या हातचं असतं आणि ते तिथेच घेतलेलं बरं. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, रस्त्यात भेटलेल्या गुराख्याचे तर अजिबात नाही.

माराहून नैरोबीला परतून एक रात्र काढा. सकाळ मोकळी मिळाली तर शहराला लागूनच असलेलं नैरोबी नॅशनल पार्क आहे, ११७ चौरस किलोमीटरचं, १९४६ सालचं. गेंडे दिसण्याची शक्यता तिथे मारापेक्षा चांगली. हत्ती मात्र नाहीत. अनाथ हत्तीच्या पिल्लांचं शेल्ड्रिक केंद्र सकाळी ११ ते १२ एवढंच उघडतं आणि आधी ऑनलाइन नोंदणी लागते.

मग रेल्वे. २०१७मध्ये सुरू झालेली मादाराका एक्स्प्रेस नैरोबी-मोंबासा अंतर पाच-सहा तासांत कापते. तिकिटाचे पैसे मुख्यतः एम-पेसा या मोबाइलवरच्या पैशांच्या सेवेतून भरायचे असतात, म्हणून विमानतळावर पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि त्यावर एम-पेसा चालू करून घ्या. पुढे टॅक्सीपासून शहाळ्यापर्यंत सगळीकडे तेच चालतं. सुट्ट्यांत गाड्या भरतात, तेव्हा आरक्षण खुलं होताच करा. २०२४पासून पूर्ण प्रवासाचं इकॉनॉमीचं भाडं १,५०० शिलिंग आहे, फर्स्टचं ४,५००. इकॉनॉमीत समोरासमोर बाकं आणि गुडघ्याला गुडघा. दिवसाच्या प्रवासाला चालून जातं. स्टेशन शहराबाहेर स्योकिमाऊला आहे, आणि फलाटावर जाण्याआधी सामान रांगेत मांडून कुत्र्यांकडून हुंगवून घेतात. गाडी सुटायच्या दीड तास आधी पोचा. ज्यांना त्सावोला उतरायचंय त्यांनी सकाळची, मधल्या स्थानकांवर थांबणारी गाडी घ्यायची आणि वोईला उतरायचं. लॉजची गाडी तिथे न्यायला येते.

या मार्गाशेजारीच जुना, इंग्रजांनी १८९६ ते १९०१मध्ये टाकलेला लोहमार्ग आहे. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर आणले होते आणि त्यातले जवळपास २,५०० मेले. १८९८मध्ये त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांच्या तंबूंवर महिनोन्‌महिने हल्ले केले, ते याच पट्ट्यात. त्सावोच्या नरांना आयाळ तोकडी असते किंवा नसतेच, म्हणून पहिल्या नजरेला मादी वाटते. हत्ती तांबडे दिसतात कारण तिथली लोहयुक्त लाल माती ते अंगावर घेतात. ही जागा मारासारखी पटापट दाखवत नाही. झुडपं दाट, अंतरं प्रचंड. म्हणून दोन रात्री ठेवा आणि पाणवठ्याशेजारचं लॉज निवडा. दुपारी कळप स्वतःहून समोर येतात.

मोंबासाला लोक फक्त विमान पकडण्यापुरते थांबतात, ते बरोबर नाही. निदान अर्धा दिवस फोर्ट जीझस आणि लगतच्या जुन्या गावाला द्या. पोर्तुगीजांनी १५९३पासून बांधलेला हा किल्ला गोव्याच्या राजवटीखालचा. १६९६मध्ये ओमानी अरबांनी वेढा घातला, तो दोन वर्षं नऊ महिने चालला. आतली माणसं रोगराईने आणि उपासमारीने संपत गेली, आणि १६९८च्या डिसेंबरात गोव्याची कुमक पोचण्यापूर्वीच किल्ला पडला. वसई किंवा रेवदंडा पाहिलेल्याला ही तटबंदी ओळखीची वाटेल. जुन्या गावात गल्ल्या अरुंद, दारं कोरीव लाकडाची, वस्ती मुख्यतः मुसलमान. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. संध्याकाळी रस्त्याकडेला मिश्काकी, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे भाजतात. शाकाहारी माणसाने सकाळीच जाऊन महामरी आणि म्बाझी खावं. महामरी म्हणजे वेलदोड्याच्या वासाचे, नारळाच्या दुधात मळलेले तळीव पुरीसारखे तुकडे, आणि म्बाझी म्हणजे नारळाच्या रसातली तूर. कोकणी जिभेला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आणखी उत्तरेला लामू आहे, मोटारींऐवजी गाढवांचं गाव, अजून नांदत्या स्वाहिली वस्त्यांपैकी सर्वांत जुन्यांतलं एक. सुंदर आहे, पण सोमालियाच्या सीमेकडचा रस्ता धोक्याचा मानला जातो. जायचं तर विमानानेच, आणि निघण्यापूर्वी ताजी सुरक्षा-सूचना वाचून.

बहुतेकांनी मुक्काम दक्षिणेला डियानीला करावा. रेल्वे स्थानकाहून जुन्या वाटेने लिकोनीची फेरीबोट लागते, तिथे गाड्यांच्या रांगेत तास मोडू शकतो. आता डोंगो कुंडूचा बायपास झालाय, ड्रायव्हरला तोच घ्यायला सांगा.

डियानीला हॉटेल बघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. उधाणाला इथे पाणी तीन मीटरच्या वर चढतं-उतरतं. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाचा बांध आहे, त्यामुळे लाटा बाहेरच मोडतात आणि आतलं पाणी शांत राहतं. पण उधाणाच्या ओहोटीला तेच पाणी इतकं मागे जातं की पोहायला मांडीएवढंही उरत नाही. भांगाच्या दिवसांत हा फरक निम्म्याहून कमी. म्हणजे अष्टमीच्या आसपास पोहायला जास्त वेळ मिळतो, अमावास्या-पौर्णिमेला बांधापर्यंत चालत जाऊन समुद्रतारे बघता येतात. चालताना रबरी तळव्याचे बूट हवेतच. खडकांच्या फटीत लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन असतात. काटा तळव्यात मोडला की कुरतडून काढू नका, त्याचे तुकडे होतात. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून वेदना कमी होते, खोल रुतला असेल तर डॉक्टर.

पाण्याखालचं बघायला शिमोनीहून किसिटे-म्पुंगुटी सागरी उद्यानात दिवसभराची बोट जाते, वाटेत डॉल्फिन बऱ्याचदा भेटतात. बोटीवर चढण्याआधी लाइफ जॅकेट घालून, पट्टे ओढून बघा, आणि पार्कचं शुल्क किमतीत धरलंय का ते विचारा. किनाऱ्यावर फिरणारे ‘बीच बॉईज’ हीच सहल निम्म्या भावात देऊ करतात. तिथे बहुधा शुल्क, जेवण किंवा जॅकेट यांपैकी काहीतरी गळलेलं असतं.

डियानीच्या झाडांत काळे-पांढरे कोलोबस माकड राहतात. गाड्यांखाली मरू नयेत म्हणून रस्त्यावर दोऱ्यांचे पूल टांगलेत, मान वर केली की त्यावरून जाताना दिसतात. ते पानं खातात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. ताटातली पोळी उचलणारे ते साइक्स माकड. बाल्कनीचं दार उघडं टाकलं की खोलीत शिरतात.

आणि काया किनोंडो चुकवू नका. मिजिकेंडा लोकांची ही पवित्र राई, म्हणजे अगदी आपली देवराई: फांदी तोडायची नाही, पान उचलून घरी न्यायचं नाही, आत मोठ्याने बोलायचं नाही. अशा काही काया २००८मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. इथे गावातलाच वाटाड्या बरोबर येतो, कमरेला काळं वस्त्र गुंडाळायला देतात आणि कुठल्या झाडाची साल कशावर देतात ते सांगतो. मारातल्या नाचापेक्षा इथला तास कितीतरी खरा वाटतो.

आता कागदपत्रं. व्हिसा २०२४पासून नाही, पण निघण्यापूर्वी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी लागते. साधारण ३० डॉलर. परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग, फोटो तयार ठेवा आणि आठवडाभर आधी अर्ज करा. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर दुप्पट पैसे जातात, सरकारी पत्ता नीट बघा.

पीतज्वराची लस सगळ्यांत महत्त्वाची. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडे. लस घेतल्याचा दाखला म्हणजे पिवळं कार्ड, ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, मग आयुष्यभर चालतं. केंद्रांवर तारखा चटकन मिळत नाहीत, म्हणून महिनाभर आधी हालचाल करा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, नऊ महिन्यांखालचं बाळ, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कार्ड नसेल तर खरी अडचण परत येताना होते: मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही विचारा. मारा, त्सावो आणि किनारा तिन्हीकडे धोका आहे, आणि काही गोळ्या परतल्यानंतरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. लोक त्या घरी आल्यावर सोडून देतात आणि मग ताप येतो.

सामानात आपण हमखास चुकतो ते प्लास्टिकच्या पिशव्यांबाबत. २०१७पासून केनियात कॅरीबॅगना बंदी आहे, दंड जबर. ठेपले, चिवडा, चटणी स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा, कपडे कापडी पिशव्यांत. उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, घरून चांगली बाटली न्या. आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढा. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या छताच्या गाडीत १०-१२ अंशांत दात वाजतात. जाड जॅकेट, कानटोपी. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात. लष्करी नक्षीचेही नकोत. प्लग तीन चौकोनी पिनांचा. दुर्बीण एका घरात एक असेल तर भांडणं होतात, निदान दोन घ्या. ड्रोन घरी ठेवा. डॉलरच्या नोटा स्वच्छ आणि २०१३नंतरच्या. जुन्या, चुरगळलेल्या परत करतात.

शाकाहाराची चिंता करू नका. नैरोबी-मोंबासात गुजराती वस्ती जुनी आहे, जैन जेवणही मिळतं. कॅम्पवर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, कारण शिधा लांबून येतो. चपाती, सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी आणि घेवड्याची माहारागवे सगळीकडे. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, नुसता बेचव, रश्शाबरोबर छान. सुकुमात कधी मटणाचा रस्सा घालतात, तेवढं विचारून घ्या. ड्रायव्हरला बक्षिशी माणशी दिवसाला दहा डॉलरच्या आसपास, शेवटच्या दिवशी पाकिटात घालून.

परतताना बॅगेत शंख, प्रवाळाचा तुकडा, पीस, कातडं काहीही टाकू नका. किनाऱ्यावर विकायला मांडलेलं असतं म्हणून ते कायदेशीर होत नाही, आणि विमानतळाच्या एक्स-रेमध्ये शंख फार स्पष्ट दिसतो. मण्यांच्या माळा, किकोई नावाचं सुती वस्त्र आणि कॉफी खुशाल घ्या. पिवळं कार्ड मात्र पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. मुंबईत ते इमिग्रेशनच्या आधीच मागतात.